तीन नंबरची सात वर्षं

"एकवीस. मोजून एकवीस वर्षं. बाहेर येईल तेव्हा तोंडात दात नसतील आणि दारात ओळखायला कुत्रं नसेल," असं मी ओरडत होतो. पिरंगुटच्या चौकात, टेम्पोच्या हौद्यात, ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर उभा राहून. माझा आवाज त्या दिवशी घाट ओलांडून भुकूमला गेला आणि तिथल्या एका म्हशीनं दचकून चार दिवस दूध चोरलं, असं मी पुढं कित्येक वर्षं सांगत आलो. म्हैस खरी होती. चार दिवस माझे.

तू खाली उभी होतीस. हातात कापडी पिशवी. तिच्यात सकाळी पुण्याच्या कोर्टात नेलेला आणि तसाच परत आणलेला डबा. कुणीतरी तुझ्या हातावर पेढा ठेवला. तू तो खाल्ला नाहीस. कागदासकट पिशवीत टाकलास आणि वर मान करून मला विचारलंस, "मास्तर, नक्की का?"

"नक्की म्हणजे? तीस वर्षं कागद वाचतोय मी."

बये, तिथंच घोटाळा झाला. तो मी केला. आणि पुढं इतकी वर्षं तू माझ्या टेबलाशी येऊन बसायचीस, माझा अर्धा चहा प्यायचीस, माझ्या थापा ऐकायचीस, पण त्या एकविसाबद्दल मी तुला एकदाही "चुकलो" म्हणालो नाही. तू गेल्याला सतरा दिवस झाले. सतरा दिवस मी मशीनपुढं बसतो, कागद चढवतो आणि काढतो. आता म्हणतो.

तुझं नाव इथं लिहिता येत नाही. अशा खटल्यातल्या बाईचं नाव छापायचं नाही, असा कायदा आहे, आणि तो तुझ्या भल्यासाठी आहे असं सगळे म्हणतात. तुझ्या लेकीला विचारलं. ती म्हणाली, छापा. ज्यांच्या पाक्षिकात हे येणार आहे त्यांना विचारलं. ते म्हणाले, मास्तर, आम्हाला आत घालता का. म्हणून निकालपत्रात तुझं जे नाव होतं तेच लिहितो. पीडिता क्रमांक तीन. तू स्वतःच त्याचं "तीन नंबर" केलंस. माझ्या टेबलाशी यायचीस आणि रांगेतल्या सातबाराच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणायचीस, "सरका वाईच, तीन नंबर आलीया." त्यांना वाटायचं, तुझा टोकन नंबर आहे.

परवा वस्तीवर तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. सतरंजी, तुझा फोटो, मेणबत्त्या. पाच जणं बोलली. कष्टाळू होत्या म्हणाले. सगळ्यांच्या मदतीला धावायच्या म्हणाले. एकानं तर तू कुणाला कधी उलटं बोलली नाहीस असंही सांगून टाकलं, आणि मी आयुष्यभर थापा मारणारा माणूस, मीसुद्धा खाली मान घातली. खटल्याचं कुणी नाव काढलं नाही. तू मागितलेल्या कायद्याचंही नाही. जणू तू भांडी घासता घासता गेलीस. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उठलो, "तीन नंबर" एवढे दोन शब्द म्हणालो आणि खाली बसलो. माझ्या आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण. लोकांना वाटलं, मला भरून आलं. मला राग आला होता.

आपली गाठ पडली ती रेशनकार्डावरून. पौडला तहसील कचेरीसमोर माझं टेबल, टेबलावर मशीन, वर पत्र्याचा तुकडा. सगळा मुळशी तालुका माझ्या मशीनमधून निघालाय, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो. धरणसुद्धा आधी मी टाईप केलं, मग बांधलं. तू ते ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मंग रेशनकार्डाव माजं नाव बराबर टाईप करा. धरनात बी असंच भोक ठेवलंय का?" मी बघितलं, तर एक काना राहिला होता.

त्या शेडमध्ये काय घडलं ते मी लिहिणार नाही. तू ते पोलिसांना सांगितलंस, डॉक्टरला सांगितलंस, कोर्टाला सांगितलंस, तेवढं पुष्कळ झालं. पिरंगुटच्या वसाहतीत प्लास्टिकच्या बादल्या करणारी ती शेड, तिथला सुपरवायझर, आणि कामाला जाणाऱ्या तुम्ही बायका. आधी एक बोलली. ती एक नंबर. तिच्या मागोमाग दुसरी बोलली. तू बोलली नसतीस तर कुणाला कळलंही नसतं. दोघी आहेत, तेवढ्यात भागेल, तू कशाला उगाच, असं तुला चार भल्या माणसांनी सांगितलं, त्यात एक मीही होतो. तू बोललीस. नवरा कपड्यांची ट्रंक उचलून आईकडं गेला तो परत आला नाही. शेडमधलं काम गेलं. वस्तीवर पाण्याच्या रांगेत तुझ्यापुढं जागा मोकळी राहायला लागली. तुला हे सगळं आधीच माहीत होतं, आणि तरी तू उलटतपासणीत त्या वकिलाला म्हणालीस, "तुमी परत परत तेच इचारता, मी परत परत तेच सांगतीया. दोगांपैकी एकानं तरी लबाडी सोडा."

मग निकाल. तिन्ही आरोप सिद्ध. प्रत्येकी सात वर्षं सक्तमजुरी. आणि शेवटी ते वाक्य: सर्व शिक्षा एकत्रित भोगावयाच्या.

आता बघ, माझा धंदा जमिनीचा. पुण्याचे लोक मुळशीत जमिनी घ्यायला लागले आणि माझ्या टेबलासमोर रांगा लागल्या. तीन तुकडे, प्रत्येकी सात गुंठे, एकत्रित क्षेत्र एकवीस गुंठे. हे मी इतक्यांदा टाईप केलं होतं की माझ्या मशीनचा 'त्र' झिजून त्याचा 'त' व्हायला आला होता. एकत्रित म्हणजे बेरीज, हे मला माझ्या आईच्या नावापेक्षा पक्कं ठाऊक होतं. न्यायाधीश वाचत होते सात, सात, सात, एकत्रित, आणि माझ्या डोक्यात उत्तर आलं एकवीस. मी कोर्टाच्या बाहेर पळत सुटलो. वकीलबाई मागून हाक मारत होत्या, मला वाटलं त्या पेढ्यांसाठी हाक मारतायत.

सरकारी वकिलांच्या हाताखाली काम करणारी ती पोरगीच होती म्हण, पण आपण सगळे तिला वकीलबाईच म्हणायचो. तिचा दोन दिवसांनी एसटीडी बूथवर फोन आला.

"मास्तर, पेढे कशाचे वाटले तुम्ही?"

"एकवीस वर्षांचे."

 ती म्हणाली, "एकत्रित म्हणजे एकाच वेळी, मास्तर. तिन्ही सात एकमेकांवर ठेवायचे. वरून बघितलं की एकच दिसतो."

मी बूथमधून बाहेर आलो आणि तुझ्याकडं यायच्या ऐवजी टेबलावर जाऊन बसलो. तू निकालाची नक्कल मागायला आलीस तर तुला सांगितलं, अजून मिळाली नाही. दुसऱ्यांदा आलीस तर सांगितलं, नक्कल करणारा कारकून लग्नाला कोकणात गेलाय. तिसऱ्यांदा त्याला पुरात अडकवला. चौथ्यांदा वरंध्यात दरड पाडली. पाचव्या खेपेला तू विचारलंस, "त्यो कारकून जित्ता हाय का?" आणि मी म्हणालो, "त्याचंच बघतोय."

सहाव्या खेपेला तू स्वतःच पुण्याला जाऊन नक्कल घेऊन आलीस. माझ्या मशीनवर ठेवलीस.

"वाचा."

मी वाचलं. मोठ्यानं वाचायची माझी सवय, पण त्या दिवशी ओठ हलले तेवढंच.

"आता सांगा, ह्ये एकत्रित म्हंजी काय. आन् गुंठं न्हाईत, वर्सं हायेत ही. नीट सांगा."

"सात," मी म्हणालो.

"तिघींची मिळून?"

"प्रत्येकीची सात. पण एकदम."

"म्हंजी ताटं तीन आन् भाकर येक." तू समोरच्या बाकावर बसलीस. "मंग ही सात कुनाची?"

"तिघींची."

"तसं नसतंय, मास्तर. तुमीच सांगता ना, सातबाऱ्याव तीन नावं असली तरी कसनारा येकच असतो. कुनाची ही सात?"

 उत्तर तूच दिलंस. "एक नंबरची. ती पैली बोलली, तिची भोगतोय त्यो. दोन नंबरची फुकट गेली, माजी बी फुकट गेली. मी बोलले न्हाई असं जरी धरलं, तरी त्यो तेवढीच भोगनार. व्हय ना? मंग मी बोलले कशापायी?"

त्यावर तू रडली असतीस तर मला सोपं गेलं असतं. तू माझा चहा उचललास, अर्धा प्यालीस आणि म्हणालीस, "पेढ्याला मुंग्या लागल्या."

पुढचा सगळा खटाटोप तिथून सुरू झाला. वकीलबाईंकडून मी ते कलम उतरवून आणलं आणि वाचून उडालोच. कायदा तुझ्याच बाजूनं बोलत होता. एका खटल्यात अनेक शिक्षा झाल्या तर त्या एकीमागून एक भोगायच्या, असंच त्यात होतं. आणि मग, दार लागू नये म्हणून उंबऱ्यात चप्पल सारावी तसे पुढचे शब्द: न्यायालयाने अन्यथा निदेश दिला नसेल तर.

"आन् न्यायालय देतंय निदेश," तू म्हणालीस.

"बहुतेक देतंच."

"मंग ह्यो 'अन्यथा' काढा."

"अगं मी काढून कसा निघेल?"

"का? सगळा तालुका तुमच्या मशीनमधनं निघालाय ना? धरन निघालं, येक शब्द निघंना?"

थापेबाज माणसाचं हे असं होतं. कधीतरी कुणीतरी त्याच्या थापेचा हिशोब मागतं. मी कागद चढवला. लैंगिक गुन्ह्याच्या खटल्यात पीडित व्यक्ती एकाहून अधिक असतील, तर प्रत्येक पीडित व्यक्तीबाबत झालेली शिक्षा एकीमागून एक भोगावी लागेल, आणि न्यायालयास अन्यथा निदेश देता येणार नाही. हा मसुदा मी चाळीस वेळा टाईप केला असं आजवर सांगत आलो. सहा वेळा केला. पण सहाही वेळा तू शेजारी बसून प्रत्येक शब्दावर बोट ठेवलंस. 'व्यक्ती' तुला नको होतं. "आमी बाया हाओत. वेक्ती कोन?" मी म्हणालो, पोरंही असतात बिचारी, कुणीही असू शकतं. तू विचार केलास आणि म्हणालीस, "मंग ऱ्हाऊ द्या. कुनीबी असंल त्याचं मोजलं पायजे."

वकीलबाई आपल्या बाजूच्या, पण त्यांनीच खोडा घातला. एका रविवारी पौडला आल्या, मसुदा वाचला आणि म्हणाल्या, असा कायदा झाला तर उलटंच होईल. एकवीस वर्षं द्यावी लागणार म्हटल्यावर न्यायाधीश बिचकतील, आणि तिसऱ्या आरोपात संशयाचा फायदा देऊन मोकळे होतील. शिवाय एकीमागून एक दिल्या तरी एकूण चौदाच्या वर जाता येत नाही, तीही मर्यादा कायद्यातच आहे.

 तू बोटांवर मोजून बघितलंस. सात, चौदा. "म्हंजी पुन्यांदा तिसरीचीच गेली."

 मी हसलो, आणि हसलो याची अजून लाज वाटते.

"ती बी अट काढा," तू मला म्हणालीस. आणि मग वकीलबाईंकडं वळून, "ताई, संशयाचं म्हनाल तर आसं हाय. आता तिसरीकडं कुनी बगत बी न्हाई. खरी असू दे न्हाईतर खोटी असू दे, शिक्षा तेवढीच. सात वाढवायची म्हटल्याव बगावं तरी लागंल तिच्याकडं. मंग म्हना खोटी. पन बगून म्हना."

वकीलबाईंनी वही मिटली. जाताना मला हळूच म्हणाल्या, "मास्तर, या बाईनं वकिली केली असती तर मी टायपिंग शिकले असते." हे मी वाढवून सांगत नाही. माझं एकच वाक्य न वाढवलेलं असेल, तर ते हे.

आपलं खरं भांडण झालं ते मात्र त्यांच्यामुळं नाही. माझ्यामुळं. कुठल्याशा दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं, ऊन पत्र्यावर तापत होतं, आणि मी शहाण्यासारखा बोललो. म्हणालो, बये, सात काय नि एकवीस काय, तुला त्यातून काय मिळणार? तो आत सडेल, तुझं काही परत येणार नाही. माणूस सुधारतोही कधी. एकवीस वर्षांनी म्हातारा होऊन येईल बिचारा.

"बिच्चारा," तू म्हणालीस. "आन् मी काय एकवीस वर्सांनी तरनी व्हनार हाय?"

"तसं नाही गं."

"मास्तर, मला काय बी मिळायला नको. त्यो सुधरू दे न्हाईतर सडू दे. माजं म्हननं मोजा. येवडंच म्हनतीया मी. मोजा."

आणि तू उठून गेलीस ती दोन महिने आली नाहीस. तुझ्या त्या 'मोजा'ला मी अजून उत्तर शोधतोय. शिक्षा वाढवून जग सुधारतं असं मला आजही पटत नाही, हे तुला माहीत आहे. पण शिक्षा मोजायची कशी हा तुझा प्रश्न होता, आणि मी दरवेळी वाढवायची किती याचं उत्तर देत होतो. दोन माणसं एकाच बाकावर बसून दोन वेगळ्या गोष्टींवर भांडत होती, हे कळायला मला तुझ्या मरणापर्यंत वेळ लागला.

त्याच दोन महिन्यांत तू एक नंबरकडं गेली होतीस. भुकूमला. तिनं पुन्हा सगळं उभं केलं होतं, पोरीचं लग्न ठरत होतं, सोयरिकीच्या लोकांना काही ठाऊक नव्हतं. निवेदनावर सही कर म्हणालीस. ती म्हणाली, माझं मला मागं टाकू दे. तू काय म्हणालीस ते तूच मला सांगितलंस, आणि सांगताना माझ्याकडं न बघता मशीनच्या रिबीनकडं बघत होतीस. "मी म्हनले, तुजी भोगतोय ना त्यो. मंग तुला काय." तिनं दार लावून घेतलं. त्यानंतर तुम्ही दोघी बोलला नाहीत. एका बाजारात जायचात, एका बसमध्ये चढायचात.

दोन नंबर तर गाव सोडून गेलीच होती. म्हणून निवेदनावर एकटी तुझी सही. ती घेऊन आपण आमदारसाहेबांकडं गेलो. त्यांचं नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता. मंत्री नसलेल्या कुठल्याही सदस्याला सभागृहात कायदा मांडता येतो, अशासकीय विधेयक म्हणतात त्याला. त्यांनी तो मसुदा तिथल्या माणसांकडून नीट लिहून घेतला, दाखलही केला. तुला त्याची प्रत मिळाली तेव्हा तू ती पदराखाली धरून बसमध्ये उभ्यानं आलीस. सीट रिकामी होती. चुरगळेल म्हणालीस.

मग यादी. विधेयकांची यादी, तिच्यात आपला नंबर. "कितवा?" तू विचारायचीस. "आला, आला," मी सांगायचो. नंबर जिथं होता तिथंच होता. अधिवेशनं होत राहिली, आणि एक दिवस सभागृहाची मुदत संपली. आमदारसाहेबांच्या पीएनं फोनवर सांगितलं, विधेयक व्यपगत झालं. मी म्हणालो, म्हणजे? ते म्हणाले, म्हणजे गेलं.

तुला मी सांगितलं, चर्चेला आलंय.

दुसऱ्यांदा, बये. एकदा एकवीस सांगितलं, एकदा हे. दोन्ही वेळा तू विचारलंस, नक्की का, आणि दोन्ही वेळा मी हो म्हणालो.

त्याआधीच तो सुटून आला होता. सातही पुरी भोगली नाहीत, चांगल्या वर्तणुकीची सूट मिळाली म्हणे. तू त्या दिवशी टेबलाशी आलीस आणि बसली नाहीस. येरझाऱ्या घालत राहिलीस, पत्र्याच्या सावलीतून उन्हात, उन्हातून सावलीत. "बशीत दिसला. दोन सीटा म्होरं. पोटबिट सुटलंय. माज्याकडं बगून सरकून बसला, जागा दिल्यागत." मग एकदम थांबलीस. "मास्तर, माज्या सातातला येक दिस बी न भोगता त्यो तितं बसला हुता."

मी काय केलं? मी त्याच्या पोटावर एक लांबलचक विनोद केला. तू हसलीस. तू नेहमी हसायचीस. आता वाटतं, तू माझ्यासाठी हसायचीस.

शेवटची भेट दवाखान्यात. दुपारची वेळ, खिडकीत वाळत घातलेला कुणाचातरी टॉवेल. तुझा हात काडीसारखा झाला होता. पण विचारलंस तेच. "माजा कागद कुटवर आला?"

आणि मी सुरू झालो. काय सांगू तुला, सभागृह खचाखच. अध्यक्ष उठून उभे. एक जण विरोधात बोलायला उठला, त्याचा चष्मा पडला आणि त्याच्याच पायाखाली फुटला, आता भाषण वाचणार कसं. एक म्हातारे सदस्य, बारा वर्षं सभागृहात नुसते झोपलेले, ते जागे झाले आणि म्हणाले, मोजा. मग सगळेच बाकं वाजवायला लागले, मोजा, मोजा. अध्यक्षांनी विचारलं, ही तीन नंबर कोण? आणि सगळं सभागृह दाराकडं बघत बसलं, की तू आता येशील.

तू हसलीस. खोकला आला. नर्सबाई मला रागावल्या. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, पुढं काय झालं सांगा की. तू डोळे मिटून घेतले होतेस. मला वाटलं, झोप लागली. मी उठायला लागलो तर तू डोळे न उघडता म्हणालीस, "मास्तर, बेरीज नीट करत जावा."

म्हणजे तुला कळलं होतं. यादीचंही कळलं होतं, आणि टेम्पोत उभा राहून ओरडत होतो तेव्हाचंही तू विसरली नव्हतीस. 'चुकलो' म्हणायला एक श्वास पुरला असता. मी म्हणालो, चहा आणू का गं अर्धा?

तू नको म्हणालीस. पहिल्यांदाच.

गेल्या आठवड्यात मी आमदारांच्या कचेरीत गेलो. साहेब नवे, पीए तेच. तोच मसुदा पुन्हा ठेवला. पीए म्हणाले, सभागृह नवं, तर विधेयकही नव्यानं, निवेदनही नवं. निवेदन देणारी कोण? मी म्हणालो, तीच होती, पण वारली. त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. "मग तिच्या जागी कुणाची तरी सही आणा. या बाबतीत जिचं काही म्हणणं आहे अशी."

असं म्हणणं असलेली मुळशी तालुक्यात मला ठाऊक असलेली एकच बाई उरली होती. मी भुकूमला उतरलो. नव्या इमारती झाल्यात तिथं, त्यातल्या एका सोसायटीत ती जिने पुसते. वाटेत मी भाषण तयार केलं होतं. त्यात तू होतीस, तुझी लेक होती, मरताना तू तिचं नाव घेतलंस असंही घातलं होतं. ते तू घेतलं नव्हतंस. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती भेटली. मी पहिलं वाक्य म्हणालो, दुसरं सुरू केलं, आणि तिनं ओल्या हातानंच मला थांबवलं.

"गेली ती. म्हाइतंय मला."

मग मी सरळ सांगितलं. विधेयक गेल्याचं. नवं निवेदन लागतंय. त्यावर तिची सही लागतेय.

ती पुसत राहिली. एक पायरी, दुसरी पायरी. तिसरीवर थांबली. "त्यानं तिची किती भोगली?"

"एक दिवस नाही," मी म्हणालो. "ती म्हणायची, जी भोगली ती तुझी. तू पहिली बोललीस म्हणून."

एक नंबरनं फडकं बादलीत बुडवलं, पिळलं आणि कठड्यावर टाकलं.

"मंग ती सात तिच्या नावाव चढवा," ती म्हणाली. "माजी भोगायची राहिली, असं लिवा."